अठ्ठेचाळीसावं नाक

माझी आत्या फोन उचलला की हॅलो म्हणत नाही. आधी ऐकते. पाच-सहा सेकंद नुसती ऐकत राहते, डोळे मिटून, आणि पलीकडचा बिचारा हॅलो हॅलो करून वैतागतो. बाबा म्हणतात, "ताई, अगं बोल की, समोरच्याला वाटतं फोन बंद पडला." ती म्हणते, "बोलतं काय, कुणीही. मागे काय वाजतंय ते ऐकू दे." आम्हाला आता सवय झालीये. पण ही खोड तिला मागच्या थंडीत लागली, आणि कशी लागली ते मी तिथेच होते म्हणून मला माहितीये.

तर आत्या बावीस वर्षं एकाच फॅक्टरीत, एकाच टेबलावर बसते. तिथे छोटे पांढरे डबे बनतात, बशीएवढे, भिंतीला लावायचे. घरात गॅसचा हीटर नीट जळत नसला की एक विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर नाही. माणसाला नुसती झोप येते आणि मग ती झोप संपतच नाही. तो वायू आला की हा डबा किंचाळतो. एवढंच त्याचं काम. कागदावर त्याला भलंमोठं नाव आहे पण फॅक्टरीत सगळे त्याला 'नाक' म्हणतात. नाकांचा ट्रे आण, दोन नाकं पडली, असं अगदी सरळ चेहऱ्याने बोलतात. आत्या घरी येऊन म्हणायची, "आज सहाशे नाकं साफ केली," आणि आम्ही लहानपणी हसून लोळायचो.

त्या डब्याच्या आत एक चण्याएवढा भाग असतो, वायू ओळखतो तो. डब्याच्या आतल्या सर्किटच्या पाटीवर एक लेप फवारतात, दमट हवेने खराब होऊ नये म्हणून, पण तो लेप त्या चण्यावर बसला तर नाक चोंदलंच. म्हणून फवारायच्या आधी त्याच्यावर रबराचं लाल टोपण बसवतात, आणि फवारून झालं की काढतात. टोपण काढायचं काम आत्याचं. कंपनीने चिमटा दिला होता, तो तिने पहिल्याच आठवड्यात माझ्या आईला भुवयांसाठी देऊन टाकला. स्वतः उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं. टोपणाखाली नख घालायचं, टुक, उडालं. पुढच्या टेबलावर झाकण लागायचं, कुणीतरी बटण दाबून वाजतंय का बघायचं, की चालला डबा खोक्यात.

आणि शिफ्ट संपली की टोपणं मोजायची. जेवढी नाकं तेवढी टोपणं. हा नियम वरून आलेला, सुरक्षा खात्याकडून, त्यांचा तपासनीस मधूनमधून येऊन वही बघायचा. आता रबराचं टोपण ते, उडून कुठेही जातं, दोन-तीन रोज कमी पडायचीच. म्हणून प्रत्येक टेबलाखाली एक पत्र्याचा डबा असायचा. झाडणारी बाई सापडलेली टोपणं त्यात टाकायची. कमी पडली की त्या डब्यातून घ्यायची, आकडा जुळवायचा, सही, चला घरी. सगळीच टेबलं असंच करायची. कुणाला त्यात काही वाटायचं नाही. आपलंच पडलेलं उचलून मोजतोय, त्यात कसलं पाप.

एका दिवशी अठ्ठेचाळीस कमी भरली.

आत्याने दोनदा मोजली. अठ्ठेचाळीसच. बाकीच्या बायका पर्स घेऊन दारात उभ्या. "काय गं, आज तुझी टोपणं फिरायला गेली का?" एक म्हणाली. आत्याने टेबलाखालच्या डब्यात हात घातला, अठ्ठेचाळीस मोजून घेतली आणि सही केली. ती सांगते की तेव्हा हाताला काहीतरी गार वाटलं, पण थंडीच होती, पत्रा गारच असणार.

तीन आठवड्यांनी तिच्यासमोर एक ट्रे आला. वरून बघितलं तर टोपणंच नाहीत, सगळं उघडं, नुसतं चकचकतंय. सवयीने तिचं नख फिरलं आणि अडकलं. टोपण होतं. बिनरंगी होतं. लाल संपली म्हणून पाठवणाऱ्याने काचेसारखी आरपार दिसणारी पाठवली होती, आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एका ट्रेमध्ये अठ्ठेचाळीस नाकं बसतात.

"तेव्हा डोक्यात उजेड पडला," आत्या म्हणते. "म्हटलं, त्या दिवशीचा ट्रे आपण टोपणं घालूनच पाठवला."

ती तशीच उठून साहेबांकडे गेली. साहेबांनी विचारलं, "अजून कुणाला बोललात?" "नाही, तुम्हालाच." "वहीवर सही कुणाची?" "माझी." साहेब बराच वेळ पेनाचं झाकण उघडबंद करत बसले म्हणे. पण माणूस वाईट नव्हता, त्याच दिवशी सुरक्षा खात्याला कळवलं. खात्याचा हुकूम आला की सगळा ट्रे परत मागवा. प्रत्येक ग्राहकाला पत्र, तीन वेळा फोन, आणि समोरच्याला कळलं की तक्त्यात त्याच्या नावापुढे खूण. सगळ्या खुणा झाल्या की फाईल बंद. दुकानांकडून आणि खोक्यातल्या कार्डांवरून अठ्ठेचाळीस पत्ते मिळाले आणि साहेब म्हणाले, "बाई, तुम्हीच करा फोन. ज्याने सांडलं त्याने पुसावं."

म्हणून त्या दोन आठवड्यांत आमचं जेवायचं टेबल म्हणजे ऑफिस झालं होतं. माझी परीक्षेआधीची सुट्टी होती, मी समोर पुस्तक उघडून बसायचे आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे सगळं ऐकायचे, अभ्यास शून्य.

कुणालाच पटायचं नाही हो. आत्या सांगायची की डबा बिघडलाय, आणि पलीकडून लगेच बटण दाबल्याचा आवाज यायचा. टीं. "वाजतंय की." दुसरं घर. टीं. "बाई, आमचं चांगलंय." आत्या परत परत समजावायची, बटण दाबलं की तो फक्त ओरडून दाखवतो, ओरडता येतं एवढंच त्यातून कळतं, वायू आलेला त्याला कळतो का ते नाही कळत. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे आमच्या सूनबाईसारखं. कळत काही नाही, आवाज मात्र खणखणीत." मागून सूनबाईचा खरंच खणखणीत आवाज आला. आम्ही दोघी हसलो. पण दिवसभर तेच ते टीं, टीं, टीं ऐकून मला कसंतरी व्हायला लागलं. अठ्ठेचाळीस घरांच्या भिंतीवर हिरवा दिवा लावून बसलेले आंधळे राखणदार, आणि लोक खाली निवांत झोपतायत.

सत्तेचाळीस परत आली. एक राहिलं.

त्या घरी पहिला फोन केला तेव्हा दुपार होती. एक बाई बोलल्या, पस्तिशीच्या असतील. शब्द ओढून ओढून, आत्ताच उठल्यासारख्या.

"हो, आहे ना. स्वयंपाकघरात आहे. हिरवा दिवा लागतो."

"ताई, तो डबा बिघडलाय. आमचा माणूस येईपर्यंत गॅसचा हीटर लावू नका. लावलात तर खिडक्या उघड्या ठेवा."

"हो... बघते हं. हल्ली फार झोप येते बघा सगळ्यांना."

आणि त्यांनी फोन बंद केलाच नाही, तसाच कुठेतरी ठेवून दिला. हीटरचा भुस्स आवाज येत होता. आणि चपला. कुणीतरी खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला चाललं होतं, सावकाश, सटक, सटक, मग वळायचं, परत सटक, सटक. मग त्याच बाईंचा आवाज, लांबून, बहुतेक आडव्या पडल्या असाव्यात, "कोण चालतंय?"

कुणी उत्तर दिलं नाही. चपला थांबल्या. मग एकदम फोनच्या अगदी जवळ एकच, सटक.

आत्याने फोन बंद केला. मी म्हटलं, "कुणीतरी असेल घरातलं." ती म्हणाली, "असेल." पण तिने तो नंबर कागदावर लिहून दोनदा गोल केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दुसरा फोन. आता त्यांचे मिस्टर होते.

"काल बोलणं झालं ना आमच्या हिच्याशी," ते म्हणाले. "आणि लगेच येऊनपण गेलात की."

"कोण आलं?"

"तुम्ही. हिने बघितलं ना. संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्या होतात, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली तर वळला पण नाहीत. कुणाच्या घरात असं शिरतात होय?"

"दादा, मी तुमच्याकडे आलेली नाही. मी कालपासून माझ्या घरात आहे."

"अंगठ्याचं नख लांब होतं म्हणाली. नाहीये का तुमचं?"

आत्याचा हात टेबलावर होता. तिने तो हळूच खाली मांडीवर घेतला. मी पुस्तक मिटून खुर्ची तिच्याजवळ ओढली.

आत्या मात्र वेगळंच विचारत बसली. "दादा, डोकं दुखतं का तुमचं?"

"सगळ्यांचंच दुखतं. थंडी आहे."

"खिडक्या?"

"चिकटपट्टी लावून बंद केल्यात. वारा फार येतो."

"आत्ताच्या आत्ता उघडा आणि सगळे बाहेर निघा. माझं ऐका, मी ते डबे बनवते."

टीं. "ऐकलंत? ठणठणीत आहे. उगाच माणसांना घाबरवायचे धंदे." आणि फोन कट.

आत्याने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "फोन उचलला ना? तुम्ही सांगितलंत ना? मग नियमाप्रमाणे कळवलं. खूण करा, मी फाईल पाठवतो."

"साहेब, त्यांना ऐकू गेलंय, कळलं नाहीये."

"तक्त्यात तसा रकाना नाहीये बाई."

तिने फोन ठेवला आणि तिसऱ्यांदा तोच नंबर फिरवला. बराच वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला. म्हाताऱ्या बाईंचा आवाज, बारीक, अगदी शांत.

"सगळे झोपलेत."

"आजी, मुलाला उठवा. सुनेला उठवा."

"ती सकाळपासून उठत नाहीये. झोपू दे म्हणतो तो." मग जरा थांबून, "तू आत का येत नाहीस? केव्हाची उभी आहेस."

आत्याने माझ्याकडे बघितलं. "स्कूटरची चावी घे," ती म्हणाली.

कार्डावर पत्ता होता. मी जिना उतरता उतरता अग्निशमनवाल्यांना फोन केला. ते म्हणाले निघतो, पण गाडी लांब आहे, अर्धा तास धरा. आम्ही वीस मिनिटांत पोचलो. कशी चालवली ते मला आठवत नाही. आत्या मागे बसून एकच गोष्ट म्हणत होती, मला नाही, स्वतःलाच. "गार लागलं होतं हाताला. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं."

तिसरा मजला, लांब बोळ, चार दारं. बोळात कुणी नाही. त्यांच्या दाराशी उभं राहिलो आणि आतून ऐकू आलं. सटक, सटक. आत्याने बेल दाबली. चपला थांबल्या. मग कडी निघाली आणि दार साखळीएवढं उघडलं. फटीत एक अगदी बारीक आजी, डोक्याला शाल. दाराखालून वारा येतो तिथेच त्यांची खाट होती, म्हणूनच त्या जाग्या होत्या हे नंतर कळलं. त्यांनी आधी आत्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे, अंगठ्याकडे.

"आज वाजवून आलीस," त्या म्हणाल्या, आणि साखळी काढली.

त्यांच्या पायात काहीच नव्हतं. अनवाणी होत्या.

"दार सताड उघडं ठेव आणि तू आत पाऊल टाकू नको," आत्याने मला सांगितलं, आणि आजींना धरून बोळात आणून बसवलं. मला दारातून सगळं दिसत होतं. आत ऊब होती, भिंतींना पाणी सुटलेलं, खिडक्यांवर तपकिरी पट्ट्या. वास कसलाच नाही. मिस्टर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते, गाल लालबुंद, डोळे उघडे पण उशिराने फिरत होते. त्यांच्या मागे आतल्या खोलीचं दार, आत पलंगावर रजईचा ढीग. तो ढीग हलत नव्हता.

आत्याने पहिल्यांदा हीटर बंद केला. मग म्हणाली, "दादा, उठा. तुमच्या मिसेसना बाहेर न्यायचंय."

"तिला हात लावायचा नाही." ते उठून त्या दारात आडवे उभे राहिले. धिप्पाड माणूस. आत्या त्यांच्या कोपराएवढी. "रात्रभर जागी होती, तुझ्यामुळेच. आता कुठे डोळा लागलाय." हात लांब करून भिंतीवरचं बटण दाबलं. टीं. "वाजतंय की. धोका असता तर ओरडलं नसतं?"

मला वाटलं आता ही त्यांना ढकलणार, किंवा रडणार. तिने भिंतीवरून डबा उतरवला. दोन्ही अंगठे दाबून झाकण काढलं. आणि नख घातलं. बावीस वर्षं घालतेय तसंच. पण ते टोपण हीटरच्या उबेने चिकटून बसलं होतं. तिने जोर लावला, कट्कन आवाज झाला, आणि काचेसारखं काहीतरी जमिनीवर पडलं, त्याच्यासोबत अर्धं नख.

तिने डबा त्यांच्या तोंडासमोर धरला. "आता बघा," म्हणाली.

काही झालं नाही. हिरवा दिवा तसाच.

ती हात वर करून उभी. ते दारात उभे. अंगठ्यातून रक्त मनगटापर्यंत आलं. माझ्या शेजारी बोळात आजी बसल्या होत्या आणि हळू आवाजात म्हणत होत्या, "ती अशीच उभी असते. रोज अशीच." मला ओरडावंसं वाटत होतं की आत्या बाहेर ये, सोड त्यांना. एक मिनिट गेलं असेल. जास्तच. मिस्टर हसायला लागले, "बघ, काही नाही..."

आणि ते नाक किंचाळलं.

बटणाचं टीं आणि हे, काही संबंधच नाही. ते थांबेचना. अख्खा बोळ भरून गेला, शेजारची दारं उघडली. त्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे, कुणीतरी पाण्यातून वर ओढून काढावं तसा. त्यांनी मागे वळून पलंगाकडे बघितलं आणि नावाने हाक मारली. बायकोने ओ दिली नाही. मग त्यांनीच तिला रजईसकट उचलून बोळात आणलं, शेजारच्या काकांनी पाय धरले. अग्निशमनवाले जिन्यात भेटले, नळी लावून हवा दिली, आणि त्यांच्यातला एक आत जाऊन मीटर बघून आला आणि म्हणाला, "अजून तासभर असतात तर..."

चपला मी शोधल्या. खरंच, सगळे खाली गेल्यावर दारातून वाकून बघितलं. कपाटाखाली एक जोड होता, बायकांच्या चपला, त्यावर धुळीचा थर.

संध्याकाळी साहेब हॉस्पिटलमध्ये तक्ता घेऊन आले. आत्याने शेवटच्या नावापुढे खूण केली, आणि खाली मोकळ्या जागेत टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यांबद्दल सगळं लिहिलं, प्रत्येक टेबलाचं. साहेब म्हणाले, "हे कुणी विचारलेलं नाही." ती म्हणाली, "त्याला पण रकाना नव्हता ना." पुढच्या आठवड्यात खात्याचे लोक आले, सगळे पत्र्याचे डबे उचलून नेले. आता टोपणं कमी पडली की शिफ्ट घरी जात नाही, ट्रे उघडतात. आत्याचा वहीवर सही करायचा अधिकार काढून घेतला. बायका तिच्यावर महिनाभर फुगल्या होत्या, उशीर व्हायचा म्हणून. तिने ऐकून घेतलं.

त्या बाई सहाव्या दिवशी नीट शुद्धीवर आल्या. आम्ही भेटायला गेलो. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हा वायू डोक्यात गेला की माणसाला नसलेलं दिसतं, नसलेलं ऐकू येतं, घाबरू नका. म्हणून मी मनाशी सगळं नीट लावून टाकलं होतं. त्या बाईंनी आत्याला जागेपणी कधी बघितलेलं नव्हतं. आम्ही दारातून आत आलो तर त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. सरळ अंगठ्याकडे. पट्टी होती त्यावर.

"नख तुटलं का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी याचं काही सांगितलं नव्हतं.

"तुटलं," आत्या म्हणाली, आणि पलंगाशी बसली.

"मग आता येणार नाही ना तुम्ही?"

"आले तर बेल वाजवून येईन."

त्या बाईंना अजून कधीकधी शब्द सापडत नाहीत, चमच्याला काय म्हणतात ते विसरतात, पण घर सांभाळतात. नवीन घर घेतलंय, मोठ्या खिडक्यांचं. आत्याचं नख परत वाढलंय, लाल टोपणं उडवते. आणि दर एक-दोन आठवड्यांनी दुपारी त्यांचा फोन येतो. आत्या उचलते आणि डोळे मिटून ऐकते. मागे सटक, सटक असतंच.

"कोण चालतंय?" ती विचारते.

"मीच," त्या म्हणतात. "मीच चालतेय."

"हं," आत्या म्हणते. "मग बोला."